आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, हे वयोमानाने गुडघे झिजण्याचे दुखणे नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. शंभरातल्या साधारण एकाला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना हा आजार होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे आखडलेली राहतात. नळ पिळता येत नाही, कणीक मळता येत नाही, वेणी घालता येत नाही. या आजारावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याने असंख्य लोकांचे हात शाबूत ठेवले आहेत, तरीही रुग्ण सर्वांत जास्त घाबरतात ते याच औषधाला.

भीतीचे कारण समजण्यासारखे आहे. नाव मोबाइलवर शोधले की पहिल्याच ओळीत ‘कर्करोगाचे औषध’ असे वाचायला मिळते. त्यापुढे यकृत, फुप्फुसे, केस गळणे अशी यादी येते. गोळ्यांची पट्टी तशीच कपाटात पडून राहते आणि रुग्ण पुढच्या तपासणीला जातच नाही. मात्र या हिशेबात एक बाजू मांडायची राहून जाते. गोळी न घेण्यालाही धोका आहेच. हाडांची झीज बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच एक्स-रेवर दिसू लागते, आणि एकदा वाकडी झालेली बोटे कोणत्याही औषधाने सरळ होत नाहीत. धुमसती सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही, त्यामुळे या रुग्णांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे दीडपट आढळते.

शिवाय औषध टाळणारा माणूस सहसा औषधाविना राहत नाही. दुखणे त्याला राहू देत नाही. तो रोज वेदनाशामक गोळी घेतो. तिने ठणका थांबतो, हाडाची झीज थांबत नाही, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे थकतात. कोणी नाव-लेबल नसलेल्या पुड्या आणतो. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे भारतात पुन्हा पुन्हा उघड झाले आहे. चार दिवसांत उतार पडतो, म्हणून गावभर नाव होते. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. ज्याचे दुष्परिणाम छापलेले नाहीत ते निर्धोक, हा समज सगळ्यांत महाग पडतो.

मेथोट्रेक्सेटच्या कुळाची गोष्ट मुंबईपासून सुरू होते. लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली आणि गिरणी कामगार वस्तीतील गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने 1931 मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. पुढे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड तयार केले आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी रसायनेही बनवली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन वापरून बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार काही काळ आटोक्यात आणला. ते वर्ष 1948. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचेच भावंड. अमिनोप्टेरिनने सांध्यांची सूजही उतरते, हे 1951 मध्येच दिसले होते, पण तेव्हा सगळ्यांचे लक्ष कॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे होते. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत मान्यता मिळायला 1988 उजाडले.

कर्करोगाचे औषध ही ओळख खोटी नाही, पण मात्रेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काही कर्करोगांत ते एका वेळी ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. आमवातात आठवड्याला 7.5 ते 25 मिलिग्रॅम पुरते. एवढ्या मात्रेत ते पेशी मारण्यापेक्षा मुख्यतः सूज शमवते. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून सोडणे घाईचे ठरते. सगळ्यांना सारखा गुण येतोच असे नाही. पुरेसा न आल्यास दुसरे औषध जोडतात किंवा बदलतात.

मग त्रास किती? याचे एक विश्वासार्ह उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले. हृदयविकार टाळण्यासाठी मेथोट्रेक्सेट उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी अमेरिका व कॅनडातील 4,786 जणांवर एक चाचणी झाली. त्यांना आमवात नव्हता. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. हृदयाला फायदा झाला नाही, पण दुष्परिणामांचा चोख हिशेब लागला. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 87 टक्क्यांना नोंद घ्यावी असा काही ना काही त्रास झाला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हा आकडा होता 81 टक्क्यांहून अधिक. दोन वर्षांत माणसाला पोटाची, सर्दी-खोकल्याची तक्रार होतेच, आणि हाती गोळी असली की दोष गोळीला जातो. दोन्ही आकड्यांतला फरक हाच औषधाचा खरा वाटा, आणि तो पचनाच्या तक्रारी, संसर्ग, रक्तपेशी घटणे, यकृताचे आकडे वाढणे यांत दिसला. अर्थात ज्यांना सुरुवातीलाच औषध सोसले नाही त्यांना या चाचणीतून आधीच वगळले होते, त्यामुळे प्रत्यक्षातला त्रास याहून थोडा जास्त धरायला हवा.

या त्रासांतले बरेचसे आवरता येतात. मळमळ आणि तोंड येणे फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने कमी होते. ती मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून घ्यायची. सुरू करण्यापूर्वी कावीळ ब आणि क यांची तपासणी, छातीचा एक्स-रे. नंतर सुरुवातीला काही आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांच्या चाचण्या. बिघाड लक्षणे दिसण्याआधीच आकड्यांत दिसतो, तेव्हाच मात्रा घटवली की तो बहुधा भरून येतो. कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठायचे.

सर्वांत भयंकर अपघात औषधाच्या स्वभावामुळे होत नाही, चुकीमुळे होतो. आठवड्याची गोळी रोज घेतली जाते. रक्तदाबाची रोज, साखरेची रोज, तशीच ही रोज. काही दिवसांतच तोंडभर फोड येतात, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते आणि माणूस दगावूही शकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच नव्हे तर वारही लिहिलेला असावा: ‘फक्त बुधवारी’. ज्या घरी वडीलधाऱ्यांच्या गोळ्या सून किंवा नात काढून देते, तिथे तो वार तिलाही ठाऊक हवा. दुसरी चूक लघवीच्या संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमोक्साझोलची. ते मेथोट्रेक्सेटसोबत पडले की मज्जेवर दुहेरी घाव बसतो. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले तर औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नाही, साठत जाते. त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारून टाळलेली बरी.

तराजूची पारडी प्रत्येकाची वेगळी. मूल हवे असलेल्या तरुणीला हे औषध चालत नाही, ते गर्भाला घातक आहे. गर्भधारणेच्या साधारण तीन महिने आधी ते बंद करून सल्फासालाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनकडे वळतात. रोज दारू पिणाऱ्याच्या यकृतावर दोन्हींचा भार पडतो. मूत्रपिंडे फारच कमजोर असतील तर मेथोट्रेक्सेट देतच नाहीत. आणि जिचे हात शिलाई मशीनवर चालले तरच घर चालते, तिला आठवड्यातला एक मळमळीचा दिवस परवडू शकतो. हा हिशेब डॉक्टर एकटे मांडू शकत नाहीत. कशाची भीती वाटते आणि काय गमावणे परवडणार नाही, हे रुग्णाने सांगावेच लागते.

सूज पूर्ण उतरून सहा महिने किंवा अधिक काळ तशीच राहिली तर हिशेब नव्याने मांडतात. स्टेरॉइड चालू असेल तर ते आधी थांबवायचे. मग इतर औषधांची मात्रा टप्प्याटप्प्याने, दर टप्प्यावर सांधे तपासून उतरवायची. अगदी बंद केल्यास अनेकांचे दुखणे पुन्हा उसळते, म्हणून बहुतेकांना सोसेल तेवढी लहान मात्रा, ठरलेल्या वारी, चालू ठेवली जाते.