आईचे मुख गाभाऱ्यात, आईचा देह अरण्यात

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडली की पुसद नगरीत घरोघरी घटस्थापनेची लगबग सुरू होते. वावरातून आणलेली काळी माती पत्रावळीवर पसरली जाते, तिच्यात धान्य पेरले जाते, मधोमध घट बसतो, नंदादीप उजळतो आणि नऊ दिवस रोज एक माळ घटावर चढते. त्याच दिवसापासून पुसदहून माहूरकडे जाणाऱ्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. कुणी एस.टी.ने जातात, कुणी अनवाणी चालत जातात. सुमारे पन्नास किलोमीटरांची ही वाट. धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की झाडीने वेढलेले डोंगर सामोरे येतात आणि ‘उदो उदो’चा गजर आपोआप ओठी येतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ असलेली रेणुकामाता त्या डोंगरावर वास करते.

माहूरची कथा आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. जमदग्नी ऋषींचा वध झाल्यानंतर परशुरामाने कावड खांद्यावर घेतली. एका पारड्यात पित्याचा देह, दुसऱ्यात माता रेणुका. अंत्यसंस्कारासाठी कोऱ्या भूमीचा शोध घेत तो माहूरला पोहोचला. श्रीदत्तात्रेयांच्या मार्गदर्शनाखाली तेथे संस्कार पार पडले आणि मातेनेही देह ठेवला. पुत्र शोकाकुल झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की आई भूमीतून प्रकट होऊन तुला दर्शन देईल, मात्र तोवर मागे वळून पाहू नकोस. परशुरामाला धीर धरवला नाही. त्याने मागे वळून पाहिले, तेव्हा आईचे मुख तेवढे भूमीबाहेर आले होते. त्याच मुखाची आज गाभाऱ्यात पूजा होते.

या कथेवर क्षणभर थांबून विचार केला, तर एक प्रश्न मनात उभा राहतो. मुख वर आले. मग आईचा उर्वरित देह कोठे आहे? कथेचा आशय मानायचा, तर तो त्या डोंगराच्या पोटात आहे. माहूरचा डोंगर हाच आईचा देह. त्यावरील सागाची, मोहाची, टेंभुर्णीची झाडी हे तिचे वस्त्र. डोंगरांना वळसा घालून वाहणारी पैनगंगा ही तिची मेखला. मुखाला आपण शालू नेसवतो, तांबूल अर्पण करतो, कुंकुमार्चन करतो. देहाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. त्या देहाची आज काय अवस्था आहे, हे पाहणे नवरात्राच्या या पुण्यपर्वात अप्रस्तुत ठरू नये.

देवीचे वाहन आपल्याच रानात

दुर्गासप्तशतीत हिमालयाने देवीला वाहन म्हणून सिंह दिल्याचे वर्णन आहे. आपल्या घरातील तसबिरींत मात्र देवी बहुधा वाघावर बसलेली असते. यात नवल नाही. वऱ्हाडच्या रानात सिंह नाही. येथील माणसाने वनाचा राजा म्हणून पाहिला तो वाघच. सह्याद्रीतील महादेव कोळी समाजात तर आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, वाघबारस पाळून वाघोबाची पूजा केली जाते. गाय आणि वाघ या दोहोंना एकाच तिथीला वंदन करणारी ही परंपरा आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्याच खोऱ्यात, पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. तेथील टिपाई देवीच्या नावावरून हे नाव पडले. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र आहे अवघे १४८ चौरस किलोमीटर. शेजारच्या उमरखेड तालुक्यात, नदीने तीन बाजूंनी वेढलेले पैनगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरात वाघांचा वंश चांगला वाढला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वाघाचा बच्चा सुमारे दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचे क्षेत्र शोधू लागतो. टिपेश्वरासारख्या लहान रानात प्रत्येक तरुण नराला जागा कोठून मिळणार? त्याला सीमा ओलांडावीच लागते.

वाघाचे सीमोल्लंघन

२०१९ साली अशा एका सीमोल्लंघनाने अवघ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. टिपेश्वरात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात त्या वर्षी फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसविण्यात आला होता. जूनमध्ये त्याने जन्मभूमी सोडली. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन तो परतला, मराठवाडा आणि वऱ्हाडातील जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडत गेला आणि डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२० मध्ये कॉलर काढण्यात आला, तोवर त्याची एकूण भ्रमंती तीन हजार किलोमीटरांहून अधिक झाली होती. अभ्यासकांनी त्याला ‘वॉकर’ हे नाव दिले.

पैनगंगेचा उगम बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगररांगेत होतो आणि ज्ञानगंगेचे रानही त्याच रांगेत आहे. म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला जन्मलेला हा वाघ अखेर तिच्या उगमाकडील डोंगरात जाऊन विसावला. इतक्या दीर्घ प्रवासात तो दिवसा झुडपांत पडून राही आणि रात्री चाले. नाल्यांचे काठ आणि उभी पिके हाच त्याचा आडोसा होता. वाटेत असंख्य गावे लागली, तरी माणसाशी त्याचा संघर्ष जवळजवळ झालाच नाही. तो विसावला होता त्या झुडपात काही माणसे शिरली, तेव्हा एकजण जखमी झाला, एवढाच अपवाद.

ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य मिळाले, पाणी मिळाले. मात्र तेथे एकही वाघीण नव्हती. एवढे चालूनही त्याचे घर बसले नाही. हे सांगण्याचा हेतू असा की अभयारण्याला कुंपण घालून वाघ वाचत नाही. एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची वाट मोकळी राहिली, तरच नवे रक्त मिळते आणि वंश टिकतो. वाट तुटली की आप्तांतच संकर होतो आणि कुळ क्षीण होते. माहूर, उमरखेड, पुसद परिसरातील डोंगर आणि ओढे या दृष्टीने मोलाचे आहेत. पूर्वेकडील रान पश्चिमेकडील रानाला जोडणारा हा दुवा होय. आईचा देह अखंड राहणे म्हणजे हा दुवा अखंड राहणे.

देहावरील घाव

या वाटेवर आज अनेक संकटे उभी आहेत. पहिले संकट तारेचे. रानडुक्कर आणि रोही रात्रीतून उभे पीक उद्ध्वस्त करतात. वैतागलेला शेतकरी कधी कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतो. त्यात रानडुक्कर मरते, वाघ मरतो, कधी पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो. सशा-हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फासात टिपेश्वरच्या वाघांच्या माना अडकल्याच्याही घटना घडल्या आहेत. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुकुटबन वनक्षेत्रात, गुहेच्या तोंडाशी आग लावून एका गर्भवती वाघिणीला ठार करण्यात आले आणि तिचे पंजे कापून नेण्यात आले. देवीची ओटी भरणाऱ्या प्रत्येक माउलीचे मन या वृत्ताने विदीर्ण व्हावे.

दुसरे संकट वणव्याचे. आपले रान शुष्क पानगळीचे आहे. फाल्गुन-चैत्रात जमिनीवर वाळल्या पानांचा थर साचतो. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून किंवा निष्काळजीपणाने टाकलेल्या विडीमुळे त्यात ठिणगी पडते आणि डोंगरच्या डोंगर पेटतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव, सागाची कोवळी रोपे, सारे भस्म होते. पुढच्या पावसात उघडी माती वाहून धरणांत जाऊन बसते. पूस आणि ईसापूर या जलाशयांच्या पाण्यावर आपली शेती आणि घरे अवलंबून आहेत, हे येथे विसरता येत नाही.

तिसरे संकट मार्गांचे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा रेल्वेमार्ग पुसदवरून नियोजित आहे. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही पीठे जोडणाऱ्या सुमारे ८०० किलोमीटरांच्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. पुसदकरांनी रेल्वेची वाट दीर्घकाळ पाहिली आहे आणि रस्ते नकोत असे कोणी म्हणणार नाही. परंतु देवीच्या दर्शनाला जाणारा मार्ग देवीच्या वाहनाची वाट तोडून जाऊ नये, एवढी अपेक्षा भाविकाने अवश्य धरावी. ती अवास्तव नाही. नागपूरजवळ पेंचच्या रानातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी पूल व भुयारी मार्ग बांधण्यात आले. वरून वाहने धावत असताना खालून वाघ, चितळ आणि रानकुत्रे निर्धास्त जातात, हे तेथील कॅमेऱ्यांनी टिपले आहे. जे पेंचला साधले, ते पैनगंगेच्या खोऱ्यातही साधता येईल. मात्र त्याची मागणी आराखडा ठरण्याच्या वेळीच झाली पाहिजे.

भयाचीही जाण हवी

येथे दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो अन्याय होईल. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरात तेरा माणसांचे बळी गेले. त्यांचा ठपका ‘अवनी’ नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीवर ठेवण्यात आला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीच्या रानात तिला गोळी घालण्यात आली. तिला मारण्यावरून देशभर वाद झाला. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष सायंकाळी परतला नाही, त्या घरात कोणत्या भाषेत व्याघ्ररक्षणाचा उपदेश करणार? शहरात बसून वाघाची आरती ओवाळणे सोपे आहे. त्याच्या शेजारी कापूस वेचणाऱ्या स्त्रीचे धैर्य मोठे आहे. तिचे संरक्षण हे व्याघ्ररक्षणाचेच अंग मानले पाहिजे.

म्हणूनच पिकाची आणि जनावराची भरपाई शेतकऱ्याच्या हाती वेळेवर पडणे हे मोठे पुण्यकर्म आहे. वाघाने गाय-बैल मारल्यास कलेवर न हलविता वनखात्याला तत्काळ कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मिळते. रागाच्या भरात कलेवरावर विष टाकले, तर वाघाबरोबर गिधाडे, कोल्हे आणि गावची कुत्रीही मरतात. थेट विजेच्या तारेऐवजी सौर कुंपण वापरावे. त्याचा झटका बसतो, पण जीव जात नाही. वाघाच्या शिकारीला कायद्याने तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे, हेही ध्यानी असावे. हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू होऊन आपल्या मेळघाटाचा त्यात पहिल्याच यादीत समावेश झाला. त्या काळी राज्याचे मुख्यमंत्रिपद पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्याकडे होते.

दशमीचे सोने

नऊ माळा पूर्ण झाल्या की दहाव्या दिवशी आपण सीमोल्लंघन करतो आणि आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. रघुराजाच्या औदार्याची आणि कौत्साच्या निर्लोभतेची ही आठवण आहे. कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या मोहरा घेतल्या. अधिक एकही घेतली नाही. आज बाजारात मात्र आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून ढीग लावले जातात, आपटा अपुरा पडला की कांचनाची झाडे ओरबाडली जातात आणि दुसऱ्या दिवशी ते सारे ‘सोने’ रस्त्यावर तुडवले जाते. ज्या कथेतून ही प्रथा आली, त्या कथेलाच हा व्यवहार विसंगत आहे. प्रत्येकाने एकेक पान द्यावे, मोठ्यांचे आशीर्वाद घ्यावेत, तेवढ्याने सण साजरा होतो. शक्य असेल त्याने अंगणात किंवा वावराच्या धुऱ्यावर आपट्याचे एक रोप लावावे. नातवंडांना त्या झाडाचे सोने वाटता येईल.

माहूरला जाणाऱ्या भाविकांनीही काही नियम मनाशी धरावेत. प्लास्टिकच्या पिशव्या आणि द्रोण डोंगरात टाकू नयेत. चितळ आणि गाई ते अन्नाबरोबर गिळतात. चुलीची आग पाणी ओतून पुरती विझवावी. माकडांना खाऊ घालून त्यांना रानाच्या अन्नापासून तोडू नये. रात्री घाटात वाहन सावकाश हाकावे. वळणावर चमकणारे डोळे एखाद्या वन्यजीवाचे असतील. उपवासाइतकेच हेही व्रत आहे आणि ते नऊ दिवसांनी उद्यापन करण्यासारखे नाही.

घटातील धान्याला अंकुर फुटतात, ते आपण दसऱ्याला कानावर किंवा टोपीत खोवतो. मातीतून आई प्रकट होते, याची ती खूण आहे. माहूरला तिने डोंगरातून मुख दाखविले आहे. तिचा देह डोंगराच्या, नदीच्या आणि वनचरांच्या रूपाने आपल्याभोवती पसरला आहे. त्या देहाला क्षत न पोहोचविता तिच्या मुखाचे दर्शन घेण्याची बुद्धी आई रेणुका आपणा सर्वांस देवो, वावरात राबणाऱ्या लेकरांचे ती रक्षण करो आणि पैनगंगेच्या काठाने जाणारी तिच्या वाहनाची वाट निर्विघ्न राहो, हीच नवरात्राच्या मंगल पर्वावर तिच्या चरणी प्रार्थना.