र्युसेल्सहाइमचे दुहेरी अवलंबन

एखाद्या शहरात किंवा खेड्यात किती मोटारी आहेत, यावरून तेथील लोक मोटारीवर किती विसंबून आहेत हे ठरत नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला कामावर, दवाखान्यात, बाजारात वेळेवर पोहोचता येते की नाही, यावरून ते ठरते. मोटारीवरचे परावलंबन म्हणजे पर्यायांचा अभाव, आणि तो समजून घेण्यासाठी जर्मनीच्या हेस्से राज्यातील र्युसेल्सहाइम हे माइन नदीकाठचे, सुमारे ६५ हजार वस्तीचे शहर फार उपयोगी पडते, कारण ओपेल मोटारींच्या या जन्मगावी लोकांचे येणे-जाणे आणि त्यांची भाकरी या दोन्ही गोष्टी एकाच वाहनाशी बांधल्या गेल्या.

मुळात हे गाव मोटारीसाठी वसलेले नव्हते. आडाम ओपेल यांनी १८६२ मध्ये येथे शिलाई यंत्रे बनवण्यास सुरुवात केली, पुढच्याच वर्षी माइनकाठचा लोहमार्ग गावातून गेला आणि कारखाना रेल्वे स्थानकाच्या शेजारीच वाढत राहिला. १८८६ मध्ये सायकलींचे उत्पादन सुरू झाले, ओपेल यांचे पाच मुलगे सायकल शर्यतींत नाव मिळवू लागले आणि वडिलांच्या निधनानंतर चार वर्षांनी, म्हणजे १८९९ मध्ये, कुटुंबाने मोटारनिर्मितीत पाऊल टाकले. तरीही १९२० च्या दशकात ओपेलची गणना जगातील सर्वांत मोठ्या सायकल उत्पादकांत होत होती. १९२४ मध्ये आलेली, हिरव्या रंगामुळे 'लाउबफ्रोश' म्हणजे झाडावरचा बेडूक म्हणून ओळखली गेलेली छोटी मोटार ही सरकत्या पट्ट्यावर जोडली गेलेली पहिली जर्मन मोटार होती. १९२९ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेतला आणि त्यानंतर काही वर्षांतच सायकलींचा धंदा विकला गेला. रेल्वे, सायकल आणि पायी चालण्याजोगी अंतरे या भांडवलावर उभ्या राहिलेल्या कारखान्याने पुढे नेमकी या तिन्ही गोष्टींची गरज कमी करणारी वस्तू लाखोंच्या संख्येने बाहेर काढली, हा या गावाच्या इतिहासातील विरोधाभास आहे.

मोटारीची सक्ती केवळ ग्राहकांच्या हौसेतून येत नाही, ती नियमांतूनही येते. १९३९ च्या जर्मन गॅरेज-आदेशाने नव्या इमारतीबरोबर वाहनांसाठी जागा ठेवणे बंधनकारक केले आणि हे तत्त्व युद्धानंतर राज्यांच्या बांधकाम कायद्यांत टिकून राहिले, त्यामुळे मोटार नसलेला भाडेकरूही घरभाड्यातून वाहनतळाचा खर्च उचलू लागला. १९५९ मध्ये नगररचनाकार हान्स बेर्नहार्ड रायशो यांच्या पुस्तकाने 'मोटारीला अनुरूप शहर' ही कल्पना रूढ केली. दिवसाचा बहुतेक वेळ जागेवर उभ्या राहणाऱ्या मोटारीला घरी एक, कामावर दुसरी आणि दुकानापाशी तिसरी जागा लागते; ती जागा मिळवण्यासाठी इमारती एकमेकींपासून दूर सरकतात, अंतरे वाढतात, आणि वाढलेली अंतरे पुन्हा मोटारीचीच मागणी करतात. विजेवर चालणारी मोटार धूर थांबवेल, पण या चक्रातून सुटका करणार नाही, कारण तिलाही तेवढीच जागा लागते. ही बाब हवेच्या प्रदूषणावरील चर्चेत सहसा बाजूला पडते.

तरी र्युसेल्सहाइममधील रहिवाशाची स्थिती तुलनेने सुसह्य आहे. एस-बान या उपनगरी रेल्वेच्या एस-८ आणि एस-९ गाड्या येथून फ्रँकफुर्टकडे जातात आणि कारखान्यासाठी 'ओपेलवेर्क' नावाचे स्वतंत्र स्थानकही आहे. खरी अडचण आहे ती त्याच कारखान्यात आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या कामगाराची. जर्मनीच्या ग्रामीण भागात बस बहुतांशी शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली असते, सुटीत फेऱ्या घटतात, आणि पहाटेच्या पाळीला ती क्वचितच उपयोगी पडते. शेवटची एसटी चुकली की काय होते हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मोटारी वाढल्या म्हणून प्रवासी घटले, प्रवासी घटले म्हणून फेऱ्या घटल्या, गावातले दुकान व डॉक्टर दूरच्या मोठ्या गावी गेले, आणि मग मोटार ही सोय न राहता घरखर्चातील अटळ बाब झाली. अठरा वर्षांखालील मुले, दृष्टी अधू झालेले वृद्ध आणि दुसरी मोटार न परवडणाऱ्या घरातील गृहिणी यांना त्याची झळ सर्वांत आधी लागते. जून ते ऑगस्ट २०२२ या काळात देशभर ९ युरोंत महिनाभराचा प्रवास देणारे तिकीट निघाले, तेव्हा जिथे गाडीच जात नाही तिथे स्वस्त तिकिटाचा उपयोग नाही, हे उघड झाले. उलट कामावर ये-जा करणाऱ्यांना मिळणाऱ्या करसवलतीत २०२२ ते २०२५ या काळात एकविसाव्या किलोमीटरपुढे प्रतिकिलोमीटर ३८ सेंट धरले जात होते. ही रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होत असल्यामुळे जास्त कर भरणाऱ्याचा लाभ जास्त, आणि दूर राहण्याला एक प्रकारे सरकारी उत्तेजनही.

परावलंबनाचा दुसरा पदर उत्पन्नाचा आहे. जर्मनीत नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे 'गेवेर्बेश्टॉयर', म्हणजे व्यवसायांच्या नफ्यावरील स्थानिक कर; मुख्य कारखाना तोट्यात गेला की शाळा, बस आणि ग्रंथालय यांच्या अंदाजपत्रकावरही ताण येतो. जनरल मोटर्सचा युरोपातील व्यवसाय १९९९ नंतर वर्षानुवर्षे तोट्यात राहिला, २०१७ मध्ये ओपेल फ्रान्सच्या पीएसए समूहाकडे गेली आणि २०२१ पासून ती स्टेलांटिस समूहाचा भाग आहे; एकेकाळी ४० हजारांच्या घरात असलेली येथील कामगारसंख्या आता तिच्या लहानशा अंशावर आली आहे. ज्या शहराचे पोट मोटारीवर भरते त्याने वाहनतळ घटवण्याची किंवा रस्त्याची मार्गिका सायकलींना देण्याची भाषा करणे राजकीयदृष्ट्या किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

हा धोका र्युसेल्सहाइमपुरता नाही; ओपेलच्या बोखुम येथील कारखान्यात मोटारींचे उत्पादन डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाले. महाराष्ट्रात पुण्याजवळील तळेगाव येथे त्याच जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, कामगारांनी न्यायालयात दाद मागितली, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला. म्हणजे तळेगावच्या कारखान्याची मालकी बदलली, पण तेथील रोजगाराचा आधार पुन्हा मोटारच राहिला.