पाऊस, मेथी आणि कुकरमधला केक

जुलैचा पहिला रविवार. पाऊस सकाळपासून थांबायचं नाव घेत नाही. सिंहगडाचा प्लॅन ग्रुपवर रात्रीच कॅन्सल झालाय, संध्याकाळी मेस बंद आणि सबमिशन... तो विषय नको. अशा दिवशी तुम्ही काय करता? रील्स बघता. गेल्या रविवारी आम्हीही तेच करत होतो. अकरा वाजता रुममेट उठली आणि म्हणाली, "चल, मेथी पेरू."

ती लातूरकडची, घरी सोयाबीनचं शेत. त्यामुळे तिची मेथीसुद्धा टाइमपासवाली नव्हती. बुधवारीच तिनं किराणा दुकानातले दहा मेथीदाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत ठेवले होते. रविवारी उघडलं तर आठांना मोड. "म्हणजे बी चांगलंय," असं म्हणून मग बाकीचे, रात्रभर भिजवलेले दाणे बाहेर आले. तिचे पप्पा दर वर्षी हेच करतात, फक्त सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून. आठवड्यानं मोजायचे. सत्तरच्या खाली उगवले तर बियाणं जास्त लागणार किंवा बदलावं लागणार.

तुम्हाला करायचं असेल तर श्रीखंडाचा रिकामा डबा पुरे. तळाला पाच-सहा भोकं पाडा. अर्धी माती, अर्धं कोकोपीट. दाणे पसरा आणि वर दाण्याच्या दुप्पट-तिप्पट जाडीचा मातीचा थर द्या, त्याहून जास्त नको. कोथिंबीर हवी असेल तर धणे आधी रगडून त्यांच्या दोन फाकी करा (गावाकडे चपलेनं रगडतात, आम्ही पोळपाटाखाली रगडले), आणि दहा-बारा दिवस धीर धरा. एक चूक मात्र करू नका. पाऊस पडतोय म्हणून डबा ग्रिलमध्ये उघड्यावर ठेवू नका. माती सतत चिकचिकीत राहिली की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. गेल्या वर्षी माझे टोमॅटो असेच गेले. मी त्यांना अजून पाणी घालत बसले होते!

पेरून झालं आणि भूक लागली. ओव्हन अर्थातच नाही. शेजारच्या काकूंनी त्यांचा जुना कुकर दिला आणि सोबत गोष्टही. त्यांच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायचे. घरात ओव्हन कुणाकडे होता?

आम्ही रव्याचा केक केला. एक वाटी रवा, अर्धी वाटी दही, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तेल आणि लागेल तसं दूध. हे अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगतो. कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा आणि दहा मिनिटं तापू द्या. पाणी अजिबात नाही. रिकामा तापवल्यानं कुकर खराब होऊ शकतो, म्हणून आईचा नवा कुकर पळवू नका, जाड बुडाची कढई घ्या. एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा अगदी शेवटी घाला. दह्यातल्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की लगेच गॅस सुटायला लागतो. मिश्रण तसंच ठेवून फोन बघत बसलात तर गॅस उडून जातो आणि केक बसतो. मंद आचेवर चाळीसेक मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत तिनं घरी फोन लावला. "पप्पा, इकडं लई पाऊस लागलाय. तिकडं?"

तिकडं ऊन होतं. जूनमध्ये एक सर येऊन गेली, तेवढ्यावर शेजाऱ्यांनी पेरून टाकलं. तिचे पप्पा थांबलेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो, कारण थोड्या ओलीवर उगवलेलं बी नंतरच्या उघडिपीत करपतं. मग दुबार पेरणी. बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा. पण थांबण्यालाही हद्द आहे. साधारण १५ जुलैनंतर पेरलेल्या सोयाबीनचा उतारा घटत जातो. तिच्या फीचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर आहे, सोयाबीन विकल्यावर. हे मला दोन वर्षं एका खोलीत राहून त्या दिवशी कळलं.

केक एका बाजूनं करपला. आम्ही दोघींनी आणि काकूंनी मिळून तो संपवला, सकाळपर्यंत ठेवला असता तर बहुतेक चिकट झाला असता. या हवेत बिस्किटंसुद्धा तासाभरात सादळतात.

गुरुवारी मेथी वर आली. तिनं फोटो पप्पांना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, "आपल्याकडं शनिवारचा अंदाज आहे." बियाण्याच्या बॅगा अजून घरातच आहेत.