एकच प्रोग्रॅम विंडोजवर आणि मॅकवर : खिडकी परकी का वाटते?

काउंटरवर विंडोजचा संगणक आणि आत डिझाइन काढणाऱ्या कारागिराकडे मॅक, अशी जोडी छपाईच्या धंद्यात सर्रास दिसते. साहजिकच बिलाचा व मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम दोन्हींवर चालावा, असे मालकास वाटते. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो, एकदाच लिहितो, दोन्हींकडे चालेल. तो चालतोही. पण एका यंत्रावर तो घरचा वाटतो आणि दुसऱ्यावर पाहुण्यासारखा.

व्यापारी बांधवांनी याचे कारण समजून घ्यावे, म्हणजे ऑर्डर देताना नेमके काय मागायचे ते कळेल.

प्रत्येक यंत्रप्रणालीकडे स्वतःची तयार बटणे, याद्या व मेनू असतात. प्रोग्रॅमने ती प्रणालीकडूनच मागून घ्यावीत, हा एक मार्ग. 1992 साली सुरू झालेले डब्ल्यूएक्सविजेट्स (तेव्हाचे नाव डब्ल्यूएक्सविंडोज) हेच करते. जावाचे पहिले साधन एडब्ल्यूटी हेही असेच होते; पण सगळ्या प्रणालींत जे समान तेवढेच त्यात घेतल्यामुळे हिशेबाला लागणारा साधा तक्ताही त्यात नव्हता. म्हणून 1998 च्या जावात स्विंग आले. ते बहुतेक सर्व काही स्वतःच रंगवते. विंडोजवर काही सांगितले नाही तर ते आपला ‘मेटल’ नावाचा पोशाख चढवते आणि खिडकी लगेच वेगळी दिसते. प्रणालीचा पोशाख घाल, असे सांगणारी एकच ओळ पुरते. मात्र ती पहिली खिडकी तयार होण्याआधी लिहावी लागते. क्यूटीसुद्धा स्वतः रंगवते, पण नक्कल बरीच हुबेहूब करते. इलेक्ट्रॉनमध्ये तर खिडकीच्या आत वेबपान असते. त्यातली बटणे दिसतील तशी, लिहिणाऱ्याच्या मर्जीची.

रंगरूप ही सोपी बाजू झाली. खरी अडचण सवयीची आहे. विंडोजच्या चौकटीत ‘ठीक’ डावीकडे व ‘रद्द’ उजवीकडे असते. मॅकवर उलट, मुख्य बटण उजव्या टोकाला. काउंटरवर गर्दी असताना नोकर अक्षरे वाचत नाही, हात सवयीच्या जागी जातो. नोंद पुसायची की ठेवायची, असा प्रश्न चौकटीत असेल तर एका चुकीच्या टिचकीने दिवसाचे बिल जाते. क्यूटी व डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये हा क्रम प्रणालीप्रमाणे आपोआप लावणारी बटणपट्टी तयार मिळते. ती सोडून हाताने बटणे मांडणे हा निव्वळ आळस होय.

मेनूचेही तसेच. मॅकवर तो पडद्याच्या माथ्यावर असतो, विंडोजवर खिडकीतच. स्विंगला ‘वरची पट्टी वापर’ असे मुद्दाम सांगावे लागते. ‘बाहेर पडा’ विंडोजवर फाइल मेनूत, मॅकवर प्रोग्रॅमच्या नावाच्या मेनूत. क्यूटी अशा कलमांना त्यांच्या नावावरून ओळखून योग्य जागी हलवते. पण मेनू मराठीत असेल तर ही ओळख हुकू शकते. तेव्हा प्रत्येक कलमाची भूमिका प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी. विंडोजवर जिथे कंट्रोल दाबतात, तिथे मॅकवर बहुधा कमांड.

आपल्यापैकी काहींची बिले उर्दूत असतात. तिथे फक्त अक्षरे उजवीकडून सुरू होऊन भागत नाही. यादी, खूण, सरकपट्टी सारी खिडकीच आरशात पाहिल्यासारखी उलटावी लागते. क्यूटी आणि स्विंग दोन्हींत दिशा बदलण्याची सोय आहे, पण बटणांच्या जागा मोजमाप लिहून पक्क्या केल्या असतील तर ती सोय काम करत नाही. मराठीतही काना-मात्रा-वेलांटीमुळे उंची जास्त लागते. मोजून कापलेल्या चौकटीत ‘र्थी’चा रफार कापला जातो. टंक प्रणालीचाच ठेवावा आणि चौकटीला मजकुराप्रमाणे वाढू द्यावे.

पैसे देण्यापूर्वी प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांवर आपल्याच नोकराच्या हाती द्या. त्याला काही न समजावता एक बिल करायला, एक रद्द करायला आणि प्रोग्रॅम बंद करायला सांगा. तो कुठे थबकतो ते लिहून ठेवा व तेवढे दुरुस्त करून घ्या.