पेटीच्या पोटात कोण गातं?

नामपूरला मोसम नदीकाठी भजन रंगलं की सगळे बुवांकडे बघतात. तुम्ही पेटीवाल्या काकांचे हात बघा. डावा हात भाता हलवतोय आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर नुसती पळताहेत. पण आवाज काढतंय कोण?

पेटीत पितळेच्या पातळ जिभल्या असतात. कारागीर त्यांना ‘सूर’च म्हणतात. पट्टी दाबली की खालचं भोक उघडतं, भात्यातली हवा घुसते आणि जिभली थरथरते. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाची जिभली सेकंदाला सुमारे 440 वेळा थरथरते! सूर बिघडला तर कारागीर ती जरा घासतो. गंमत बघा, टोकाला घासली तर सूर चढतो आणि मुळाशी घासली तर उतरतो.

आता पेटीची अडचण सांगतो. सतारीची तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरता येतं, त्याला मींड म्हणतात. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधला सूरच नाही, मग घसरणार कुठून? अशा कारणांनी 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली आणि ती तीसेक वर्षं टिकली. मला विचाराल तर हा अतीच कडकपणा झाला.

आपले वादक मात्र पक्के. घसरता येत नाही? मग पळू! 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटी अशी वाजवत, की लोक फक्त ती ऐकायला बसत. त्यांच्यानंतर पी. मधुकर आले आणि मधुकरांचे शिष्य, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर. बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. या वादकांची हत्यारं म्हणजे सुसाट ताना, मुख्य सुराला शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श आणि भात्यावर असा ताबा की सूर कुजबुजतो किंवा गरजतो. यातलं भात्याचं काम सगळ्यात अवघड, आणि टाळ्या मात्र बोटांनाच!

बोटं पळवायची ही हौस युरोपातही होती. तिथे बोटांची करामत दाखवणाऱ्या रचनेला टोकाटा म्हणतात. कधी रेंगाळायचं, कधी एकदम सुटायचं. फ्रेस्कोबाल्दी नावाच्या संगीतकाराने 1615 मध्ये रोममध्ये टोकाटांचं पुस्तकच छापलं. पुढे संगीतकार बाखने ऑर्गनवर कमाल केली. पेटी आणि ऑर्गन, दोन्ही हवेवरच गातात.

पुढच्या भजनाला लवकर जा. काकांना विचारून पेटीचं वरचं झाकण उघडायला लावा आणि एकेक पट्टी दाबून बघा. जिभल्यांना बोट मात्र लावू नका, सूर बिघडतो!