८० रुपये, ७ जणी आणि एक गच्ची : लिज्जतकडून आपण काय शिकायचं?



स्वयंपाकातून स्वतःची ओळख सापडलेल्या बायकांवरचा ‘ज्युली अँड ज्युलिया’ (२००९) हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पॅरिसला जायची गरज नाही, आपल्या मुंबईतच त्याहून मोठी गोष्ट घडली आहे. आशुतोष गोवारीकर यांनी २०२१ मध्ये ‘कर्रम कुर्रम’ या चित्रपटाची घोषणा केली, तो याच गोष्टीवरचा. लिज्जत पापड!

सुरुवात कशी झाली?

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासची गच्ची. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्यासोबतच्या सहा जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पुढे संस्थेशी हजारो बहिणी जोडल्या गेल्या आणि २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली.

ऐकायला छान वाटतं. पण नाहूर, भांडुप, मुलुंडमध्ये घरून डबा, पापड, चकली विकणाऱ्या ताईंनी यातल्या तीन गोष्टी नीट बघायला हव्यात.

१. दर्जा एकच ठेवा

सुरुवातीला या बायका दोन प्रतीचे पापड करायच्या. एक चांगला, एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच करा, उत्तम करा, आणि हिशेब चोख ठेवा. आपण काय करतो? गिऱ्हाईक म्हणालं “जरा कमी करा ना”, की तेल बदलतो, डाळ बदलतो. दर एकदाच कमी होतो, चव मात्र कायमची जाते.

२. अडचण आली तर पद्धत बदला

पहिल्याच पावसाळ्यात काम चार महिने बंद पडलं. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं काम! मोठं मशीन नाही, कर्ज नाही. तुमच्या धंद्यातला ‘पावसाळा’ कोणता? शाळांची सुट्टी? श्रावण? तो येण्याआधी उपाय शोधून ठेवा.

३. स्वतःची मजुरी धरा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. लिज्जतची बहीण शाखेतून मळलेलं पीठ घरी नेते, लाटलेले पापड परत आणून देते आणि वजनावर मजुरी घेते. शिवाय नफ्यात वाटा. म्हणजे तिचा हात फुकट चालत नाही.

आता तुमचा डबा बघू. समजा २० डबे, एकाचे ८० रुपये.

- सामान : ४५
- गॅस : ६
- पॅकिंग : ५
- पोचवणे : १०

खर्च ६६. उरले १४. वीस डब्यांचे २८०. बाजार, चिरणं, शिजवणं, भांडी धरून सहा तास गेले तर तासाला ४७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. “घरीच तर असते, काय बिघडतं?” असं म्हणत कितीतरी ताई दोन वर्षं राबतात, मग थकून बंद करतात. आणि घरचे म्हणतात, धंदा चालला नाही. अहो, धंदा चालत होता, फक्त तुमचे कष्ट कुणी मोजले नाहीत!

मग आज काय करायचं?

एक वही घ्या. सात दिवस प्रत्येक खर्च आणि प्रत्येक तास लिहा. मजुरी धरून नवा दर काढा. उद्यम नोंदणी मोफत आहे, तीही करून टाका. आणि खाण्याचा पदार्थ विकताय म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच.

आणखी एक. जसवंतीबेन एकट्या बसल्या नव्हत्या, सात जणी होत्या. तुमच्या सोसायटीत, तुमच्या चाळीत दुसरी ताई आहे का बघा. एकीने पोळ्या, एकीने भाजी, एकीने हिशेब. मात्र वाटा कसा करायचा ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहा.

सात दिवसांनंतर तुमचा तासाचा आकडा कमेंटमध्ये नक्की सांगा. कमी आला तरी लाजू नका. आकडा कळला की दर ठरवता येतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!