उभ्या गाडीतला आराम

कळंबोलीच्या स्टील बाजारात सकाळी नंबर लावलेली गाडी भरून निघायला पुष्कळदा संध्याकाळ होते. क्रेन मोकळी नसते, हवी ती कॉइल थप्पीच्या तळाशी असते, वजनकाट्यावर रांग असते. कॉइल हलू नये म्हणून लाकडी गुटके ठोकायचे, साखळ्या आवळायच्या. हे होताना ड्रायव्हर स्वतः जवळ उभा राहतो, कारण घाटात ते सगळं वजन त्याच्या पाठीमागे असतं. खर्च वाचवायला कित्येक गाड्यांवर आता क्लिनरही नसतो.

अशीच एक गाडी निघायची होती तेव्हा मी ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसलो होतो. मुनीम बिल्टी करत होता. मॅनेजरने फोनवर वाळूजच्या पार्टीला शब्द दिला, "सकाळी सहाला माल गेटवर." म्हणजे बोरघाट चढून, पुणे आणि अहिल्यानगर मागे टाकत तीनशेच्या वर किलोमीटर, तेही रातोरात. ड्रायव्हर झोपलाय का, असं मी विचारलं. मॅनेजरने जीपीएसचा पडदा माझ्याकडे वळवला. गाडी सकाळपासून उभी. "दिवसभर आरामच होता त्याला." आणि हे तो मनापासून म्हणत होता.

खाली ड्रायव्हर ताडपत्रीचे दोर ताणत होता. बीडकडचा माणूस, पहाटे चारला उठलेला. "आराम कसला, भाऊ? अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी पुढं घ्यावी लागती. डोळा लागला की मागचा पुढं घुसतो, नंबर गेला."

मग शेठना सांगत का नाही? "खेपेवर पैसे हायत. मी नाही म्हणलं तर दुसरा जातो."

चारला उठलेल्या माणसाचे रात्री नऊला सतरा तास होतात, आणि घाट अजून पुढेच असतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं संशोधनात दिसलं आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. प्यायलेल्या ड्रायव्हरला कोणताही शहाणा गाडीमालक किल्ली देणार नाही. जागलेल्याला मात्र रोज देतो. ताशी 60 च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे 65 मीटरहून जास्त अंतर, आणि तेवढं अंतर गाडी कोणीच चालवत नसतं.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 91 याच तासांशी जोडलं गेलं. पण मालक तास मोजतो ते चाक फिरू लागल्यापासून. नंबर धरून बसणं, साखळ्या आवळणं, ताडपत्री बांधणं त्याच्या हिशेबात येतच नाही. माझं भांडण या मोजणीशी आहे.

दुसरी पद्धत अशक्य नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या रिविगो या कंपनीने वाटेत चार-पाच तासांनी चालक बदलायची रिले पद्धत चालवून दाखवली. एकदोन गाड्यांच्या मालकाला एवढा पसारा झेपणार नाही, हे खरं. पण गाडी भरायला वेगळा माणूस ठेवून ड्रायव्हरला संध्याकाळी बोलावता येतं. पार्टीला सहाऐवजी अकराची वेळ देता येते. गाडी ताटकळली तर त्याचे पैसे माल देणाऱ्याकडून घेऊन ड्रायव्हरच्या हातात ठेवता येतात, म्हणजे वाटेत गाडी बाजूला लावून झोपणं त्याला परवडेल. या तिन्ही गोष्टी ठरतात त्या वरच्या टेबलावर, बिल्टी फाडण्याआधी.